कोर्लई किल्ला: माथ्यावरून परत फिरू नका, पाण्यापर्यंत उतरा

अलिबागकडून काशीदच्या किनाऱ्याची ओढ लागलेल्या गाड्या साळावचा पूल ओलांडतात आणि कोर्लईच्या फाट्यावरून सरळ निघून जातात. ज्या वळतात, त्यातली बरीच मंडळी दीपगृहापाशी फोटो काढतात, फार तर माथा चढून देवळाच्या सावलीत बसतात आणि परत येतात. पहिल्या खेपेला मीही तेच केलं. त्यानंतर वर्षभर लोकांना सांगत फिरलो की कोर्लई म्हणजे चिंचोळ्या डोंगरावरचा पडका तट, तासाभराचं काम. दुसऱ्या खेपेला सोबतच्या मित्राच्या हट्टामुळे उत्तरेच्या टोकापर्यंत उतरलो. तिथे खालच्या बुरुजावर उभा राहिलो, समोरून एक मच्छीमार होडी खाडीच्या तोंडातून आत शिरली, तिच्यावरच्या माणसाचा लाल रुमालसुद्धा दिसत होता. तेव्हा डोक्यात उजेड पडला. गेल्या खेपेला मी किल्ल्याच्या कामाच्या बाजूकडे पाठ करून बसलो होतो.

म्हणून हा लेख कोर्लई ‘करायचा’ कसा यापेक्षा तो कुठल्या क्रमाने बघायचा याबद्दल आहे. अर्धा दिवस हाताशी ठेवा.

आधी नकाशा उघडा

घरून निघण्याआधी फोनवर उपग्रहाचा नकाशा काढा आणि कुंडलिका नदी समुद्राला मिळते ते ठिकाण बघा. नदीच्या उत्तर तीरावर रेवदंडा, त्याला लागून चौलच्या नारळी-पोफळीच्या वाड्या. दक्षिण तीरावरून एक डोंगराची जीभ समुद्रात घुसून उत्तरेकडे वळलेली दिसेल. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी. ही जीभ म्हणजे कोर्लईचा डोंगर. पोर्तुगीज त्याला नुसतं ‘मोरो’ म्हणत, म्हणजे समुद्रात शिरलेला सुळका, भूशिर.

चौल हे फार जुनं बंदर. ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतल्या व्यापारी मार्गदर्शिकेत आणि टॉलेमीच्या भूगोलात ज्याचं नाव येतं, ते हेच. १५०८ मध्ये याच बंदराच्या तोंडाशी इजिप्तच्या मामलुकांचं आणि गुजरातचं आरमार एक होऊन पोर्तुगीजांवर चालून आलं. पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लॉरेन्सु द अल्मेदा त्या लढाईत मारला गेला. तरी १५२१ मध्ये पोर्तुगीजांनी अहमदनगरच्या निजामशहाकडून परवानगी मिळवून उत्तर तीरावर, म्हणजे आजच्या रेवदंड्यात, किल्ला बांधायला घेतला. व्यापार भरभराटीला आला, आणि निजामशाहीला आपणच दिलेली परवानगी डाचायला लागली. १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशहाने चौलला वेढा घातला, पण तो फसला.

मग निजामशाहीच्या ध्यानात आलं की शहर घ्यायचं तर समोरचा डोंगर हातात हवा. बुऱ्हाण निजामशहा दुसरा याने १५९०च्या दशकात कोर्लईवर किल्ला उभारायला घेतला. वरून तोफा डागल्या की खाली शहर आणि बंदर दोन्ही टप्प्यात. पोर्तुगीजांनी हे चालू दिलं असतं तर चौल गेलंच होतं. १५९४ मध्ये त्यांनी डोंगरावर हल्ला करून अर्धवट बांधलेला किल्ला घेतला. या लढाईतली हत्तींची गोष्ट आजही सांगतात: दरवाजावर उभा केलेला हत्ती जखमी होऊन उलटा फिरला आणि आपल्याच माणसांना तुडवत आत घुसला, दुसरा हत्ती दरवाजातच मरून पडला, त्यामुळे दार लावताच येईना. गोष्टीत मीठमसाला किती हे ज्याचं त्याने ठरवावं. पण वर गेल्यावर त्या दरवाजांची रुंदी बघा. एक हत्ती आडवा पडला तर खरंच वाट अडते.

एवढं डोक्यात असलं की बाकीचा किल्ला आपोआप उलगडतो.

कधी जायचं, आणि तिथीचं गणित

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मार्चपासून ऊन तापतं, आणि किल्ल्यावर सावली जवळपास नाहीच. पावसाळ्यात डोंगर हिरवागार होतो, फोटो झकास येतात, पण पायऱ्यांवर शेवाळ धरतं आणि तटाच्या कडेला वाऱ्याचा जोर इतका असतो की छत्री उघडायची सोय नाही. सगळ्यात फसवा काळ सप्टेंबर-ऑक्टोबरचा. पाऊस थांबलेला, आकाश निळं, आणि गवत कमरेच्या वर. त्या गवतात पायऱ्या, दगड, उघडी टाकी आणि साप सगळं झाकलेलं असतं. दिवाळीनंतर गवत वाळतं, मग पायाखालचं दिसतं.

सकाळी आठच्या आत चढायला लागा. दुपारी गेलात तर साडेतीननंतर, पण मग उत्तर टोकापर्यंत जाऊन अंधाराआधी खाली यायचं गणित ताणलं जातं. मी सकाळच्याच बाजूचा.

दिवस निवडताना भरती-ओहोटी बघा. डोंगर चढायला तिचा संबंध नाही, पण उत्तरेच्या टोकाला तुम्ही पाण्याशी पोहोचता. ओहोटीला बुरुजाच्या पायथ्याचे खडक उघडे पडतात आणि तट कशावर उभा आहे ते कळतं. वेळ काढायला ॲप लागत नाही, कालनिर्णय पुरतं. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती, आणि दुपारी बाराला ओहोटी. एकादशीला अकराची पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे ओहोटी दोन-अडीचला. पंचमी घेतलीत तर भरती पावणेचारला आणि ओहोटी सकाळी दहाच्या आसपास, आपल्या कामाला अगदी सोयीची. शुक्ल असो वा कृष्ण पक्ष, हिशेब तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तो धरून चाला. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे उधाण असतं, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तिच्यात फारसा दम नसतो.

पोहोचायचं कसं

मुंबईहून दोन वाटा. पाण्यातून यायचं तर गेटवेहून मांडव्याची बोट, तासाभराचा प्रवास, आणि बहुतेक बोटींच्या तिकिटातच मांडवा ते अलिबाग बस असते. गाडी न्यायची असेल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो आहे, गाडीसकट उतरता येतं. गेटवेच्या बोटी पावसाळ्यात बंद असतात, हे जूनमध्ये बेत आखणारे हमखास विसरतात. रस्त्याने यायचं तर पनवेल, पेण, वडखळ, अलिबाग. शनिवारी सकाळी नऊनंतर वडखळला पोहोचलात तर किल्ला दुपारच्या उन्हात चढावा लागेल, एवढं लक्षात ठेवा. पहाटे पाचला निघणं हा एकच उपाय मला सापडलाय. पुण्याहून येणाऱ्यांनी खोपोली-पेणमार्गे यावं. कोकण रेल्वेचं सोयीचं स्टेशन रोहा, तिथून रेवदंड्याकडे रस्ता येतो.

अलिबागहून रेवदंडा साधारण १७ किलोमीटर. रस्ता आक्षी, नागाव, चौल असा वाड्यांमधून जातो, अरुंद आणि वळणाचा, दोन्ही बाजूंनी पोफळी वाकलेल्या. घाई करण्यासारखा रस्ता नाही आणि करताही येत नाही. जानेवारीनंतर कडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसतील. अलिबागच्या या कांद्याला भौगोलिक मानांकन आहे. घ्यायचा असेल तर परतताना घ्या, बंद गाडीत दिवसभर ठेवलात तर आठवडाभर वास जात नाही. रेवदंड्यानंतर कुंडलिकेवरचा पूल, पलीकडे साळाव, तिथून उजवीकडे वळून मुरुडचा रस्ता धरायचा. पाचेक किलोमीटरवर कोर्लई.

स्वतःची गाडी नसेल तर अलिबाग स्थानकातून मुरुडकडे जाणारी एसटी कोर्लईला सोडते. फक्त गाडी रेवदंडा-साळाव करत जाणारी आहे ना, हे कंडक्टरला आधी विचारा, कारण मुरुडला रोह्यावरूनही जाता येतं. रेवदंड्यापर्यंत मिनीडोर, म्हणजे मोठ्या शेअर रिक्षा, मिळतात, पुढे रिक्षा ठरवावी लागते. रिक्षावाल्याला परतीची वेळ सांगून ठेवा आणि त्याचा नंबर घ्या. दुपारच्या वेळी फाट्यावर उभं राहून वाट बघण्यात एक तास घालवलेला माणूस हे सांगतोय.

फाटा ते दीपगृह

फाट्यावरून रस्ता गावात शिरतो. कोळीवाड्यातून, ओढून ठेवलेल्या होड्या, वाळत घातलेली मासळी आणि दुरुस्तीला पसरलेली जाळी यांच्या मधून गाडी न्यावी लागते. समोरून टेम्पो आला तर एकाने मागे घ्यावंच लागतं. मोठी बस आत नेऊ नका, ती फाट्याजवळच ठेवा आणि चालत या. जाळ्यावरून चाक गेलं तर तुम्हाला काही जाणवणार नाही, पण त्याची दुरुस्ती हे कुणाचं तरी दोन-तीन दिवसांचं काम असतं.

गाव संपलं की रस्ता डोंगराच्या पश्चिम पायथ्याने समुद्राला चिकटून दीपगृहाकडे जातो. डावीकडे लाटा, उजवीकडे डोंगराचा उतार. गाडी दीपगृहाजवळ लावायची. आत सोडत असतील तर दीपगृह आधी बघून घ्या, वर चढून किल्ल्याचा पश्चिमेकडचा अख्खा तट एका नजरेत येतो. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी इथेच बसावं. समुद्र आहे, वारा आहे, दोन-तीन तास मजेत जातात.

दुसरी वाट गावातून डोंगराच्या पूर्वेने, खाडीच्या अंगाने वर जाते. ती झाडीची आणि कमी मळलेली. पहिल्यांदा जाताना गावातल्या कुणाला तरी सोबत घेतल्याशिवाय तिच्या वाटेला जाऊ नये.

एक काम मात्र चढायच्या आधी करा: जेवण सांगून जा. पहिल्या खेपेला दीडच्या सुमारास भुकेने कासावीस होऊन गावात दारोदार विचारत होतो, तेव्हा एका आजीबाईंनी सुनावलं, “जेवान सकाली सांगून जायाचं. आता भाकरी कधी थापू नि म्हावरा कधी तलू?” त्यांचं खरं होतं. घरगुती खानावळीत सकाळी सांगितलं की त्या दिवशी जे ताजं आलं असेल ते ताटात येतं.

चढ

दीपगृहाच्या मागूनच पायऱ्या सुरू होतात. चढ खडा आहे पण छोटा. अख्खा डोंगरच शंभर मीटरच्या आतबाहेर. रमतगमत वीसेक मिनिटांत तटाशी पोहोचता. रोज जिने चढणाऱ्याला काहीच वाटणार नाही, न चढणाऱ्याला दोनदा थांबावं लागेल. पायऱ्यांची उंची एकसारखी नाही आणि काही दगड हलतात, म्हणून सपाता-चपला घालून येऊ नका.

पाणी माणशी दोन लिटर. वर एकही दुकान नाही, आणि टाक्यातलं पाणी पिण्याच्या लायकीचं नाही. टोपी हवी. गवताची कुसळं टोचतात म्हणून लांब पँट. गूळ-शेंगदाणे किंवा दोन केळी. सालं मात्र खाली घेऊन या.

आत शिरल्यावर

दरवाजातून आत आलात की पहिली गोष्ट जाणवते ती रुंदीची. किंवा रुंदी नसण्याची. १८८३च्या कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्याच्या गॅझेटियरात या किल्ल्याची मापं दिली आहेत: लांबी २,८२८ फूट आणि सरासरी रुंदी ८९ फूट. मुंबईच्या माणसाला समजेल असं सांगायचं तर बारा डब्यांच्या तीन लोकल एकामागे एक उभ्या केल्या तरी थोडी जागा उरेल इतका लांब, आणि रुंदीला लोकलचा एक डबा आडवा ठेवला की संपला. मधोमध उभं राहिलात तर डाव्या कानाने समुद्र ऐकू येतो आणि उजव्या कानाने खाडीतल्या होडीचं इंजिन.

असा किल्ला राखणं अवघड. शत्रू एका ठिकाणी तटावर चढला की कण्यावरून सरळ दोन्ही टोकांना पळत सुटेल. यावर पोर्तुगीजांनी काढलेला तोडगा हा या किल्ल्यातला सगळ्यात बघण्यासारखा भाग आहे. त्यांनी डोंगराच्या कण्यावर जागोजाग आडव्या भिंती घातल्या आणि प्रत्येक भिंतीत एक दरवाजा ठेवला. किल्ल्याचे सात कप्पे झाले, प्रत्येकाला स्वतःचा बुरूज. गॅझेटियरच्या मोजणीप्रमाणे एकूण ११ दरवाजे, ४ बाहेरचे आणि ७ आतले. एक कप्पा पडला तर माणसं पुढच्यात शिरायची, दार लावायचं, आणि लढाई पुन्हा पहिल्यापासून. ‘लढल्याशिवाय आत येता येणार नाही’ अशा अर्थाचा लेख एका दरवाजावर होता असं सांगतात. सात वेळा लढावं लागेल, हे त्या लेखाला सांगायची गरज नव्हती.

प्रत्येक दारातून जाताना थांबा आणि मागे वळून बघा. दाराच्या चौकटीच्या आतल्या बाजूला, दोन्हीकडच्या भिंतीत, अडसर सरकवायचे खोल चौकोनी भोक दिसतं. हात घाला, पण आधी काठीने ठोकून आत कुणी वेटोळं करून बसलेलं नाही याची खात्री करा. अडसर कुठल्या बाजूने लागत होता यावरून कुठला कप्पा आतला आणि कुठला बाहेरचा हे कळतं. माझ्या पुतण्याला हा खेळ इतका आवडला की तो प्रत्येक दाराशी ओरडून निकाल जाहीर करत होता.

माथ्याच्या भागात पाण्याचं टाकं आहे. जमिनीवरून फक्त तीन गोल तोंडं दिसतात, खाली कोरलेली पोकळी एकच. पावसाचं पाणी साठवायची ही व्यवस्था होती. लहान मुलं सोबत असतील तर इथे त्यांचा हात सोडू नका. जवळच रत्नेश्वर महादेवाचं छोटं देऊळ आणि तुळशीवृंदावन. आणि याच पोर्तुगीज किल्ल्यात बिनछपराचं चर्चही आहे, उंच भिंती आणि कमानी शाबूत. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, सुभानराव माणकरांना कोर्लईवर पाठवलं, आणि १७४०च्या तहाने चौल-कोर्लई मराठ्यांच्या हाती आली. त्याआधी १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजांनी चौलला वेढा दिला होता, पण तेव्हा ते जमलं नव्हतं. मराठ्यांनी बुरुजांची संतांची नावं बदलली. गणेश बुरूज, पुस्ती बुरूज ही नावं तेव्हाची. चर्चच्या भिंती मात्र उभ्याच राहिल्या. चर्चमध्ये शिरून पूर्वेच्या कमानीतून खाडीकडे बघा. सकाळी नऊच्या सुमारास ऊन बरोबर तिथून आत येतं.

पोर्तुगीज शिलालेख आणि राजचिन्हं कोरलेले दगड किल्ल्यात दिसतात. अक्षरं वाचता यावीत म्हणून खडू किंवा ओला चुना फासण्याचा प्रकार काही हौशी लोक करतात, तो करू नका. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी तिरपं ऊन पडलं की खोदीव अक्षरं आपोआप उठून दिसतात. ढगाळ दिवशी फोनचा टॉर्च बाजूने धरावा.

उत्तरेचं टोक

इथवर आलेले बहुतेक जण परत फिरतात. तुम्ही पुढे निघा. उत्तरेकडे कणा उतरत जातो आणि एकामागून एक कप्पे, दारं, बुरूज येतात. काही ठिकाणी पायऱ्या ढासळल्या आहेत, तिथे बसून, हात टेकून उतरलेलं बरं. जंग्या, म्हणजे बंदुका रोखायची भोकं, आणि तोफांच्या फटी दोन्ही बाजूंना दिसत राहतात. अशा ३०५ जागा मोजल्या होत्या म्हणे. कोपऱ्यात पडलेल्या लोखंडी तोफाही भेटतील, गंजून खरबरीत झालेल्या. त्यांच्या तोंडाची दिशा आता काही सांगत नाही, कारण गाडे केव्हाच गेले. फटीतून वाकून बघा, ती मात्र अजून बरोबर सांगते. पश्चिमेच्या फटीतून खुला समुद्र दिसतो. जसजसं खाली उतरता तसतसं फटींमधून समोर खाडीचं तोंड येतं, आणि मग रेवदंडा.

शेवटचा बुरूज जवळजवळ पाण्याला टेकलेला आहे. याला क्रुसाची बातेरी म्हणतात. बातेरी म्हणजे तोफखान्याचा चौथरा. वरच्या तोफा कितीही मोठ्या असल्या तरी उंचावरून सरकत्या जहाजावर नेम धरणं कठीण, गोळा पाण्यात शिरतो आणि संपतो. पाण्याच्या पातळीवरून डागलेला गोळा लाटांना लगटून जातो आणि जहाजाच्या बाजूवर आदळतो. म्हणून डोंगरमाथ्यावरून टेहळणी आणि पाण्यालगत मारा. समोर रेवदंड्याच्या तटावरच्या तोफा. आत येणाऱ्या जहाजाला दोन्ही बाजूंच्या माऱ्यातूनच जावं लागे.

इथे अर्धा तास बसा. ओहोटीला खालचे काळे खडक उघडे पडतात, त्यावर कालवांचा खरखरीत थर. खडकांवर उतरू नका, कालवं पाय कापतात आणि अंगावर येणारी लाट आधी कळवत नाही. खाडीतून होड्यांची येजा चालूच असते. एखादी होडी निवडून ती समुद्रातून दिसल्यापासून तुमच्या समोरून पुढे जाईपर्यंत घड्याळ लावा. तेवढा वेळ तोफ डागणाऱ्या गोलंदाजाच्या हातात होता.

आता वाईट बातमी: जे उतरलात ते सगळं पुन्हा चढायचंय. खरा चढ हाच, दीपगृहाच्या पायऱ्या त्यापुढे काहीच नाहीत. उरलेलं पाणी बघूनच टोकाकडे निघा. निम्मी बाटली संपली असेल तर माथ्यावरूनच परत फिरलेलं शहाणपणाचं. आठला चढायला सुरुवात केली तर साडेनऊपर्यंत टोकाला आणि अकरा-साडेअकराला खाली गाडीशी, असा माझा हिशेब असतो.

गावात

खाली आल्यावर गाव नुसतं जेवणापुरतं बघू नका. कोर्लईतल्या ख्रिस्ती वस्तीत एक वेगळी बोली बोलली जाते. तिचा पाया पोर्तुगीज आणि घडण बरीचशी मराठी वळणाची. बोलणारे तिला ‘नॉ लिंग’ म्हणतात, म्हणजे आपली भाषा. किल्ला १७४० मध्ये पोर्तुगीजांच्या हातून गेला, पण त्यांची भाषा या एका गावात घराघरात राहिली. बोलणारे आज हजाराच्या आसपास. दुकानात, नळावर, माउंट कार्मेलच्या चर्चबाहेर कान दिलात तर ऐकू येते. पण कुणाला थांबवून “जरा बोलून दाखवा ना” असं म्हणू नका, विशेषतः कॅमेरा रोखून. एका काकांनी मला शांतपणे विचारलं होतं, “तुम्ही आधी बोलून दाखवा, मराठीत.” मला एक वाक्य सुचलं नाही.

जेवणाला मांदेली मिळाली तर सोडू नका. कुरकुरीत तळलेली, काट्यासकट खायची. तांदळाची भाकरी, कालवण आणि शेवटी सोलकढी. सुरमई-पापलेट कुठेही मिळतं.

मग रेवदंडा

दुपारी उन्हं कलली की पूल ओलांडून रेवदंड्याला या. पोर्तुगीजांच्या तटबंदीच्या शहरातूनच आज रस्ता जातो, गाडी दरवाजातून आत शिरते. आत वाड्या, घरं आणि मधूनच वेलींनी झाकलेल्या भिंती. सातखणी मनोऱ्याचे आता चारच मजले उरलेत. रशियन प्रवासी अफनासी निकितिन १५व्या शतकात भारतात उतरला तो चौलच्या बंदरात, त्याचं स्मारकही रेवदंड्यात आहे. हे सगळं झरझर बघितलं तरी चालेल.

वेळ राखून ठेवायचा तो किनाऱ्यासाठी. तटाला लागून वाळूत उतरा आणि दक्षिणेकडे चालत खाडीच्या तोंडाशी जा. समोर कोर्लईचा डोंगर आडवा पसरलेला दिसतो. सकाळी ज्या दारांतून गेलात ती कण्यावरची आडव्या भिंतींची दातेरी रेघ आता बाजूने दिसते, माथ्यापासून पाण्यापर्यंत उतरलेली. बोटाने कप्पे मोजता येतात. चौलच्या सावकारांना, तांडेलांना, शिपायांना दोनशे वर्षांहून जास्त काळ हाच डोंगर रोज दिसत होता. त्यावर आधी कुणी नव्हतं, मग निजामशहाची माणसं दिसायला लागली, मग पोर्तुगीजांची.

सूर्य समुद्रात बुडाला की डोंगराच्या पलीकडून दीपगृहाचा झोत फिरायला लागतो. तो बघायचा असेल तर अलिबाग-नागावला मुक्काम ठेवा. मांडव्याहून त्याच दिवशी बोटीने परतायचं असेल तर शेवटच्या बोटीची वेळ सकाळीच विचारून ठेवा आणि रेवदंड्यातून तिच्या निदान दोन तास आधी निघा, मध्ये नागावची गर्दी आहे.